दहा देठांची जुडी

डॅफोडिल मिटलेलं असतानाच तोडतात.
उमललेलं फूल पेटीत चुरगळतं, दुकान ते परत पाठवतं,
म्हणून तोडणाऱ्यांना पिवळा रंग
सहसा दिसतच नाही.
हिरवी कळी, चोच मिटल्यासारखी,
दहा देठ, एक रबरबँड,
पुढची जुडी.

कॅमबोर्न सोडून, समुद्र डाव्या हाताला ठेवत
मी त्या मळ्यावर गेले तो फेब्रुवारी होता.
शेजारच्या सीटवर एकशे चौदा प्रश्नांचा फॉर्म.
आमची कंपनी कुंड्या विकते, कंद, खत, बागेतल्या फरश्या
आणि मार्चमध्ये आयांना द्यायची फुलं.
अहवालाच्या पहिल्या पानावर संचालकांची सही आहे:
आमच्या पुरवठ्याच्या साखळीत कुठेही गुलामगिरी नाही.
साखळी हा शब्द त्यांचाच.

प्रश्न एकोणीस. पासपोर्ट स्वतःजवळ आहे का?
मुकादम बोसान्को दाराला टेकून उभा.
हो, म्हणाली बेगिमाय.
हो, म्हणाला एर्मेक, बुटांकडे बघत.
हो, म्हणाले बावीसच्या बावीस,
तपासणीला साहेब आला की
वर्ग पाढे म्हणतो, तसे.
मी बावीस चौकटींत बावीस खुणा केल्या.
हे इथे लिहिते, कारण अहवालात ते नाही.

मग मी बोसान्कोकडे चहा मागितला.
दूध नको, साखर दोन, बिस्किट असेल तर बरं.
किटली पलीकडच्या शेडमध्ये होती,
येताना बघून ठेवली होती मी.
सात मिनिटं.

फॉर्म पालथा ठेवला.
बेगिमायचे हात मनगटापर्यंत लाल,
देठांचा चीक लागून बोटांच्या बेचक्यांत सोललेले.
हातमोजे?
विकत, म्हणाली ती. एवढं इंग्रजी तिला येत होतं.
बाकीचं आकड्यांत. वहीचं मागचं पान उघडलं:
ओशच्या दलालाचे, मामाच्या दोन घोड्या विकून.
विमान. व्हिसा. कॅरॅव्हानमधली सहावी जागा.
हातमोजे. मळ्यापर्यंतची गाडी.
पावसात काम झालं नाही तो दिवस.
समोर आठवड्याच्या जुड्या, तीन हजार चारशे,
आणि सगळ्यांत खाली जी रक्कम उरली
तिच्याआधी वजाचं चिन्ह.
कायदा याला आधुनिक म्हणतो.
मला ते पान कुठल्याही शतकातलं वाटलं.

पासपोर्ट?
तिने हनुवटीने ऑफिसच्या कपाटाकडे दाखवलं.
बिस्किटांचा जुना डबा, वर चिठ्ठी: वाटाण्याचं बियाणं.
बाहेर खडीवर बूट वाजले.
हरवू नयेत म्हणून ठेवलेत, म्हणाला बोसान्को
कप माझ्या हातात देताना,
आणि चहा, खरं सांगते, चांगला होता.

हेड ऑफिसला सोपा रस्ता लगेच सुचला:
करार तोडा, नाव वगळा, आपली साखळी स्वच्छ.
मी म्हटलं, आपण हात झटकले
की कर्ज कुणाच्या डोक्यावर राहतं?
वकील म्हणाले, भावनेचा प्रश्न नाही.
मी म्हटलं, नाहीच, हिशेबाचा आहे,
आणि वहीच्या पानाचा फोटो टेबलावर ठेवला.
अकरा आठवडे लागले.
दलालीचे पैसे निम्मे मळ्याने, निम्मे आम्ही भरले.
फूल ना फुलाची पाकळी, असं कुणी म्हणू नये:
ते त्यांचेच पैसे होते.

एकोणीस जणांना मिळाले.
तिघं त्याआधीच एका रात्री पांढऱ्या व्हॅनमधून गेले,
कुठल्या मळ्यावर, कुणी सांगत नाही.
त्यांत एर्मेक.
फॉर्ममध्ये त्याच्या नावापुढे माझ्या हातची खूण आहे.

बेगिमाय ट्रूरोच्या दुकानात उभी राहिली होती म्हणे,
बादलीत उमललेली फुलं बघत.
वास घेतला नाही.
किंमत वाचली, दहाने भागली,
ओठ हलवत पुन्हा एकदा भागली.

प्रश्न एकोणीस आता असा आहे:
पासपोर्ट कुठे आहे, दाखवाल?
आणि त्याच्या वर, ठळक: आधी दार लावून घ्या.

एर्मेकच्या कॅरॅव्हानच्या कडीला
मूठभर रबरबँड अडकवलेले होते.
एक मी नव्या फॉर्मच्या गठ्ठ्याला लावलाय.
जुना झालाय, पण ताणला की
अजून बोटाला लागतो.